भिंतीला भोक कुठे पाडायचे, हे कोण ठरवते?



साताऱ्यात काय आणि सांगलीत काय, गेल्या काही वर्षांत घरोघरी नेटची तार आली आहे. खांबावरून ती बारीक काळी तार गच्चीवर येते, भिंतीला पाडलेल्या भोकातून आत शिरते आणि एका पांढऱ्या डबीत संपते. नवे घर बांधणारे तर प्लॅस्टरच्या आतूनच पाइप टाकून घेतात आणि खोलीत भिंतीला चौकोनी खाच कापून तिच्यात नेटचे सॉकेट बसवतात. हे काम करायला दोन मुलगे येतात. ड्रिल मशीन हातात धरून विचारतात, "कुठं बसवायचं?" घरात बाई एकटी असली तर तोच प्रश्न बदलतो, "वहिनी, साहेब कधी येणारेत?" या प्रश्नाचे उत्तर कोण देते आणि विचारणाऱ्याच्या हातातले मशीन बाईच्या हातात का नसते, या दोन गोष्टींबद्दल मला आज लिहायचे आहे.

एका बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "उन्हाळा आला की माण-जतमध्ये पाण्याची चिंता सुरू होते, मजुरी वेळेवर मिळत नाही, दारूने घरे बुडाली, आणि तुम्ही तीन इंचाच्या भोकाचं काय घेऊन बसलात?" तिचा राग मला कळतो. पण आपल्या चळवळीचा अनुभव असा आहे, की बाईचे दुय्यमपण मोठ्या घोषणांत सापडत नाही, ते घरातल्या अशा बारक्या निर्णयांत मुरलेले असते. पाण्याचा हंडा कोण आणते, ताटात शेवटी कोण बसते, कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे प्रश्नही कोणे एके काळी क्षुल्लकच वाटत होते. आणि दुसरे असे, की या तीन इंचाच्या भोकात एक हुन्नर आहे, त्या हुन्नराला मजुरी आहे, आणि ती मजुरी आज पूर्णपणे पुरुषांकडे जाते. म्हणून हा प्रश्न पोटाचाही आहे.

आधी थोडे मागे जाऊ. भिंत ही मुळात बाईच्या हातची गोष्ट होती. मातीच्या घराची भिंत पुरुषांनी रचली तरी ती लिंपायची, सारवायची, पावसाळ्यानंतर तिच्या भेगा बुजवायच्या, हे काम बाईचे. माती किती दिवस भिजत घालायची, तिच्यात भुसा किती, शेण किती, हे तिला कोणी शिकवले नाही आणि त्याचा रोजही कोणी दिला नाही. चुलीजवळ दिवा ठेवायला दिवळी कुठे हवी, मिसरीची डबी ठेवायला कोनाडा किती उंचीवर हवा, हे तीच सांगायची, कारण वापरणारी तीच होती आणि भिंतीला हात लावणारीही तीच होती.

मग विटा आल्या, सिमेंट आले, प्लॅस्टर आले. ही सोय झाली हे खरेच. वर्षावर्षाला सारवायचे कष्ट वाचले, ते परत यावेत असे कोणतीच बाई म्हणणार नाही. पण लिंपणे हे 'बायकांचे काम' होते तोवर ते फुकटचे होते. त्याच कामाचे नाव प्लॅस्टर झाले, त्याला रोज मिळू लागला, तेव्हा थापी आणि गुरमाळा पुरुषाच्या हातात गेला. बाई बांधकामावर राहिलीच, पण डोक्यावर घमेले घेऊन. गवंडी होतो तो पुरुष आणि बिगारी राहते ती बाई. तिने वीस वर्षे माल कालवून दिला तरी ती बिगारीच. तिच्याच हाताखाली पोरसवदा आलेला मुलगा मात्र चार-पाच वर्षांत थापी धरतो आणि तिला हुकूम सोडायला लागतो.

असे का, म्हणून विचारले की ठरलेले उत्तर येते, "बाईच्या हातात छन्नी-हातोडा शोभत नाही. ताकद लागते." हे उत्तर माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या तालुक्यांतल्या थोरल्या बायांना सांगून बघा. १९७२ च्या दुष्काळात याच बाया रस्त्याच्या कडेला बसून खडी फोडत होत्या. मांडीशी मूल, हातात हातोडा, डोक्यावर ऊन. त्या कामातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा १९७७ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळात झाला. तेव्हा कोणी म्हणाले नाही की हातोडा बाईला शोभत नाही. काळा पाषाण फोडायला ती चालली, मग अर्ध्या इंचाचे प्लॅस्टर कापायला तिची ताकद कमी कशी पडते? ताकदीचा मुद्दा फक्त तिथे निघतो जिथे रोज जास्त असतो.

समान कामाला समान वेतन हा कायदा आपल्या देशात १९७६ साली झाला आणि ते तत्त्व २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. पण कायद्याला चुकवायची वाट सोपी आहे. काम समान ठेवायचेच नाही. पुरुषाला हत्यार द्यायचे, बाईला ओझे द्यायचे, आणि मग म्हणायचे की काम वेगळे म्हणून रोज वेगळा. त्यामुळे नुसती समान वेतनाची मागणी पुरत नाही. हत्यारावर हक्क सांगितल्याशिवाय रोज समान होत नाही, हे आपण स्पष्ट म्हटले पाहिजे.

आता हे काम नेमके आहे काय, ते पाहू. आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते फार अवघड वाटते, म्हणून जरा तपशिलात सांगते. सॉकेटची डबी साधारण तीन इंच लांब, तीन इंच रुंद आणि दोन इंच खोल असते. भिंतीवर आधी जागा ठरवायची. त्या जागेच्या वर-खाली विजेचे बटण किंवा प्लग असेल तर ती जागा सोडायची, कारण विजेची तार बहुधा बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली गेलेली असते. मेन स्विच बंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. मग डबी भिंतीला लावून पेन्सिलीने चौकोन आखायचा आणि लेव्हल बाटलीने तो सरळ आहे का ते बघायचे. भोक नीट येण्याचे सारे रहस्य पुढच्या पायरीत आहे. हातोडा मारण्याआधी पेन्सिलीच्या रेघेवरून कटरने प्लॅस्टर चिरून घ्यायचे. रेघ चिरली की पापुद्रा बाहेर पसरत नाही. मग रेघेच्या आतून जवळजवळ बारीक भोके पाडायची आणि छन्नी आतल्या बाजूला कलती धरून हलक्या हाताने मधला भाग काढायचा. खाच पाण्याने ओली करायची, सिमेंटचा माल भरायचा, डबी दाबून बसवायची आणि कडा सारख्या करायच्या.

तारेसाठी भिंतीत चर पाडतात त्याला झिरी मारणे म्हणतात. बांधकामाचा नियम असा, की उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापेक्षा खोल नको आणि आडवी एक षष्ठांशापेक्षा खोल नको. म्हणजे नऊ इंची भिंतीत उभी तीन इंचांपर्यंत चालते, आडवी दीड इंचाच्या पुढे जायची नाही. साडेचार इंची भिंतीत आडवी झिरी टाळावीच. हा नियम साताऱ्याच्या, विशेषतः पाटणकडच्या बायांनी तरी गंभीरपणे घ्यावा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माणसे मेली ती बहुतेक कोसळलेल्या भिंतींखाली. भिंत कुठेही, कशीही कापणारा घाईचा कारागीर हा घरातल्या सर्वांच्या जिवाशी खेळत असतो.

आणि तार. नेटच्या तारेत आठ बारीक तारा असतात, दोन-दोन पिळून केलेल्या चार जोड्या. प्रत्येकीचा रंग वेगळा. दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवायचा, विजेच्या तारेपासून अंतर राखायचे, आणि कोपऱ्यात तार मोडेल अशी वाकवायची नाही. सोयीची गोष्ट म्हणजे या तारेत घरातल्या दिव्या-पंख्यासारखा २३० व्होल्टचा प्रवाह नसतो. विजेच्या वायरिंगला परवाना असलेला माणूस लागतो, तो नियम योग्यच आहे. पण नेटची तार शिकाऊ हाताला तितकी धोक्याची नाही. म्हणून बाईने या हुन्नरात शिरायचे तर हे दार चांगले. पोलक्याला काज करताना आधी कड सांभाळायची आणि मग कापड कापायचे, हे जिला कळते, रंगांचा क्रम न चुकता जी रुखवताचा रुमाल विणते, तिला हे काम जमणार नाही असे कोणी म्हणू नये.

आता दुसरा प्रश्न. भोक कुठे पाडायचे? आपल्या भागातल्या घरांत मी पाहते, नेटची डबी बसते बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या मागे. दुसरे सॉकेट असलेच तर मुलाच्या खोलीत. स्वयंपाकघरात नाही, मधल्या खोलीत नाही, मुलगी जिथे अभ्यास करते त्या माजघराच्या कोपऱ्यात नाही. "वायफाय आहे की सगळीकडे," असे सांगितले जाते. पण वाईच्या, साताऱ्याच्या पेठांतल्या, मिरजेच्या जुन्या घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, दगडमातीच्या असतात. अशा दोन भिंती ओलांडल्या की वायफाय लंगडायला लागते. ज्या खोलीत बाई दिवसाचे बारा तास असते, नेमके तिथेच ते पोचत नाही. मग ती फोन घेऊन खिडकीशी नाहीतर ओट्याच्या टोकाशी उभी राहते, आणि घरातले म्हणतात, हिला काय सारखे फोनवर लागते.

काय लागते ते सांगते. २०२० साली शाळा बंद झाल्या तेव्हा ज्या घरात एकच फोन होता तिथे तो आधी मुलाला मिळाला, हे आपण सगळ्यांनी पाहिले. अंगणवाडीच्या नोंदी २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर भराव्या लागतात. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी निकृष्ट मोबाइल सरकारला परत करण्याचे आंदोलन केले होते. दिवसभराचे काम संपवून, भाकऱ्या थापून झाल्यावर रात्री कोपऱ्यात बसून माहिती भरणाऱ्या सेविका आपल्या ओळखीच्या आहेत. आशा ताईंचे तेच. शिवणाची, मसाल्याची, पापडाची मागणी आता फोनवर येते. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुली आहेत. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरलेले होते, पुरुषांत हेच प्रमाण ५७ टक्के होते. हा फरक शिक्षणाचा आहे, पैशाचा आहे, फोन कोणाच्या खिशात आहे याचा आहे. आणि थोडासा, भिंतीत सॉकेट कोणत्या खोलीत आहे याचाही आहे.

सॉकेट किती उंचीवर, हेही वापरणारीला विचारायला हवे. सांगलीत २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांच्या वर गेले होते. जमिनीपासून फूटभर उंचीवर बसवलेले प्लग, बोर्ड, डब्या सगळे गाळात गेले. पूर ओसरल्यावर तो गाळ कोणी काढला, भिंती कोणी घासल्या, हे सांगायला नको. पाणी घरात कुठवर येते ती रेघ बायकांना तोंडपाठ असते. पण दुरुस्तीच्या वेळी नवे प्लग पुन्हा होते तिथेच बसले, कारण "नेहमी इथंच बसवतात." मोठ्या पुरात कोणतेच सॉकेट वाचत नाही, हे मान्य. पण लहान पुरात दोन-तीन फुटांच्या फरकाने वाचते, आणि जिने घासले तिला विचारले असते तर तिने हे सांगितले असते.

या तारेची एक काळी बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. ज्या झिरीतून नेटची तार जाते, तिच्यातूनच कॅमेऱ्याची तारही जाते. दारावर कॅमेरा असणे समजू शकते. पण बैठकीत, मधल्या खोलीत, स्वयंपाकघराच्या दारावर कॅमेरे लागू लागले आहेत, आणि नवरा कामाच्या गावी बसून फोनवर बघतो की बायको कोणाशी बोलते, किती वाजता झोपते. पूर्वी हे काम शेजारीपाजारी आणि सासू करायची, आता भिंत करते. अशा घरातल्या बाईला भोक कशासाठी पाडले जाते आहे, तार कुठून कुठे जाते आहे आणि तिचे दुसरे टोक कोणत्या डबीत आहे हे कळत असेल, तर निदान ती विचारू शकेल, नको म्हणू शकेल. ज्या वस्तूचे काम कळत नाही तिच्यापुढे माणूस दबून राहतो. हत्याराची ओळख ही मजुरीइतकीच संरक्षणासाठीही हवी, ती यासाठी.

शेवटी प्रश्न घरावरच्या हक्काचा आहे. सांगली-सातारा भागात स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने ऐंशीच्या दशकापासून परित्यक्तांचा प्रश्न लावून धरला. टाकून दिलेल्या बाईला स्वतंत्र रेशनकार्ड हवे, राहायला जागा हवी, ही मागणी इथल्याच बायांनी रस्त्यावर येऊन केली. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने बाईला नांदत्या घरात राहण्याचा हक्क दिला, घर कोणाच्या का नावावर असेना. ग्रामपंचायतीच्या नोंदीवर नवरा-बायको दोघांची नावे लावण्यासाठी आपण गावोगावी अर्ज भरले. हे सगळे लढे मोलाचे आहेत. पण कागदावर नाव लागलेल्या घरातही भिंतीत खिळा ठोकताना बाई विचारून ठोकते. राहण्याचा हक्क मिळाला, घर आपल्या सोयीने बदलण्याचा हक्क अजून मिळवायचा आहे. भाड्याच्या घरात तर भिंत कापताच येत नाही, तिथे वरून केसिंग पट्टी मारून तार न्यावी लागते. पण ती कोणत्या खोलीत न्यायची हे तरी तिला विचारले जावे.

"आपल्या बायांना जमेल का?" ही शंका कोणाला असेल तर थोडी उदाहरणे देते. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती-बळकटीकरणाच्या कामात स्वयम् शिक्षण प्रयोगाच्या पुढाकाराने लातूर-उस्मानाबादच्या गावांतल्या महिला मंडळांच्या बाया संवाद सहायक झाल्या. भिंत मजबूत कशी करायची ते शिकल्या आणि गावातल्या लोकांना त्यांनी ते समजावून दिले. झारखंडमध्ये शौचालये बांधायला गवंडी मिळेनात तेव्हा गावच्या बाया गवंडीकाम शिकल्या, त्यांना तिथे राणी मिस्त्री म्हणतात. आपल्याकडे महावितरणच्या महिला तंत्रज्ञ खांबावर चढून तारा जोडतात. आणि आपल्या म्हसवडचे तर सर्वांना माहीत आहे. माणदेशी महिला सहकारी बँकेचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने परत केला होता, कारण त्यावर अंगठे होते. बायांनी सांगितले, आम्हाला लिहिता येत नाही पण व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवतो, तुमच्या माणसांनाही करायला सांगा. १९९७ साली ती बँक उभी राहिली. परीक्षा कशाची घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार त्या बायांनी हिसकावून घेतला. आपणही म्हणू या, दाखला नंतर मागा, आधी आम्ही कापलेल्या चौकोनाला लेव्हल लावून बघा.

या वाटेत धोके आहेत, तेही बोलले पाहिजेत. पहिला, परक्या घरात काम करायला जाण्याचा. दुपारी घरात एकट्या असणाऱ्या बायकांना बाई कारागीर आलेली हवी असते, ही आपल्यासाठी मोठी संधी आहे. पण कारागीर बाईला मात्र कोणत्याही घरात जावे लागेल. म्हणून दोघी-दोघींनी जायचे, पत्ता गटाला कळवून जायचे, हा शिरस्ता पहिल्या दिवसापासून हवा. दुसरा धोका धुळीचा. मशीनने प्लॅस्टर आणि वीट कापताना जी बारीक धूळ उडते ती फुप्फुसात बसते आणि मग निघत नाही. कापताना पाणी मारायचे, तोंडाला चांगला मास्क, डोळ्यांना चष्मा. पदर तोंडाला गुंडाळून भागणार नाही आणि साडीचा पदर मशीनजवळ चालणारही नाही. तिसरा धोका मला सर्वांत मोठा वाटतो. बायका या कामात शिरल्या की लोक म्हणायला लागतील, "हे तर हलकं काम, बायकांचं काम," आणि दर पाडतील. लिंपणाचे जे झाले त्याच्या उलट्या दिशेने पुन्हा तेच. म्हणून दर आधी ठरवायचा, सॉकेटमागे ठरवायचा, आणि पुरुष कारागीर घेतो त्यापेक्षा एक रुपयाही कमी घ्यायचा नाही.

मग करायचे काय? माझ्या मनात ज्या गोष्टी आहेत त्या मांडते, गटागटांत त्यावर चर्चा व्हावी.

एक. शासकीय आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. वीजतंत्री, तारतंत्री, गवंडी या अभ्यासक्रमांत त्या भरल्या जाव्यात यासाठी दहावीच्या मुलींच्या पालकांच्या बैठका घ्याव्यात. मुलगी म्हटली की शिवण आणि ब्यूटी पार्लर, हा साचा मोडायला हवा. सातारा आणि सांगलीच्या आयटीआयकडे आपण बांधकामावरच्या बायांसाठी थोड्या मुदतीच्या, संध्याकाळच्या वर्गाची मागणी करावी.

दोन. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ महाराष्ट्रात २०११ साली स्थापन झाले. नोंदणीसाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो भरताना बाईच्या नावापुढे डोळे झाकून 'बिगारी' लिहिले जाते. जी थापी धरते तिच्या नावापुढे गवंडी लिहा, जी झिरी मारते तिच्या नावापुढे ते काम लिहा, असा आग्रह आपण धरला पाहिजे.

तीन. बचत गट शिलाई मशीनला, शेळीला कर्ज देतात. तसे ड्रिल, कटर, छन्नी, लेव्हल आणि तार तपासायचे यंत्र असा एक संच गटाच्या मालकीचा असावा. एका संचावर चौघी-पाचजणी कमावू शकतात.

चार. सरकारने २०११ साली गावोगावच्या ग्रामपंचायतींपर्यंत फायबरची तार नेण्याची योजना मंजूर केली, तिचेच नाव पुढे भारतनेट झाले. ग्रामपंचायतीपर्यंत आलेली तार अंगणवाडीत, शाळेत, उपकेंद्रात नेण्याचे आणि तिथे सॉकेट बसवण्याचे काम गावातल्या बायांच्या गटाला मिळावे, असा ठराव महिला ग्रामसभेत मांडावा. अंगणवाडीत सॉकेट आले तर सेविकेची रात्रीची जागरणेही कमी होतील.

पाच. हे काम उद्यापासून करता येईल आणि त्याला कोणाची मंजुरी लागत नाही. आपल्या घरात नेटची, विजेची, कोणतीही तार येणार असेल तर कारागीर यायच्या आधी घरातल्या सगळ्या बायकांनी, मुलींनी, सासूबाईंनीसुद्धा एकत्र बसावे. कोण कुठे बसते, कोण काय करते, कुठे उजेड आहे, पाणी कुठवर येते याचा विचार करावा आणि भिंतीवर खडूने खूण करून ठेवावी. मुलगा येऊन "साहेब कधी येणारेत?" म्हणाला, तर त्याला खूण दाखवावी.

नव्या घराचे प्लॅस्टर एकदा वाळले, रंग लागला, की मग भिंत कापायला कोणी तयार होत नाही. आज आपल्या भागात हजारो घरांत ती तार येऊ घातली आहे. दहा वर्षांनी, बायकांना इकडे सॉकेट का नाही आणि हे काम करणारी एकही बाई का नाही, असे विचारण्यात हशील नाही. वेळ आत्ता आहे. तुमच्या गावात, वस्तीत कोणी बाई हे काम करत असेल, कोणी शिकत असेल, कोणाला अडवले गेले असेल, तर जरूर लिहून कळवा. दर काय मिळतो तेही लिहा. पुढच्या अंकात त्यावर आपण सविस्तर बोलू.